ताटातली डावी बाजू

अण्णांनी चटणी खायची सोडली तेव्हा मला पहिल्यांदा खरं टेन्शन आलं. पॅरालिसिसच्या ॲटॅकनं डावा हात लुळा पडला होता, पाय ओढत होता, बोलताना तोंड जरासं वाकडं व्हायचं, पण ते सगळं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं त्यामुळं मनाची तयारी झालेली. चटणीचं कुणीच काही बोललं नव्हतं.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी ताटात नसेल तर अण्णा भाकरीला हात लावत नाहीत, लग्नाच्या पंगतीत बसले तरी पहिली चौकशी चटणीची. आणि हा माणूस हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून रोज भाजी संपवायचा, आमटी प्यायचा आणि चटणी ताटात होती तशी. आई म्हणाली तोंडाची चव गेली असेल, औषधं काय थोडी आहेत का. तिसऱ्या दिवशी तिनं खर्डा केला, तोही तसाच राहिला. मग लोणचं, मग कोशिंबीर. मग तिनं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. एका दुपारी मी ऑफिसला दांडी मारून घरी होते, ताट उचलायला गेले तर काय, मधोमध पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखं ताट. उजवा अर्धा चाटूनपुसून साफ आणि डावा अर्धा जसा वाढला तसा. भाकरीसुद्धा उजवीकडून तोडत तोडत मधल्या रेघेपर्यंत आणलेली आणि पुढं तशीच सोडलेली.

आपल्याकडं ताट वाढायची रीत ठरलेली आहे ना, मीठ लिंबू चटणी कोशिंबीर लोणचं डावीकडं आणि भाजी उसळ उजवीकडं. आईची ही रीत लग्न झाल्यापासून एक दिवस चुकलेली नाही. तीच आता नडत होती, पण ते आम्हाला कळायला अजून आठवडा जायचा होता.

ॲटॅक फेब्रुवारीत आला. त्यावर फार लिहीत नाही कारण लिहिलं की अजून राग येतो. पहाटे हात जड वाटतोय म्हणाले, जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं पित्त झालंय म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, आणि आम्हीपण शहाण्यासारखे घरी आलो. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे आम्हाला मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत कळलं, तोवर सात तास होऊन गेले होते. तेवढं एक वाक्य वाचणाऱ्यानं लक्षात ठेवलं तरी बास. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर थेट सीटी स्कॅन जिथं आहे तिथंच जायचं, मध्ये कुठं थांबायचं नाही.

तर घरी यायची ती फिजिओ. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, स्कूटीवरून यायची, डिकीतून रबरी पट्टे आणि बॉल काढायची. आईनं तिच्यापाशी सहज चटणीचं रडगाणं गायलं तर ती एकदम गप्पच झाली आणि म्हणाली, "काकू, ताट वाढा." सकाळचे अकरा वाजलेले. आईला वाटलं पोरीला भूक लागली असेल. ताट अण्णांपुढं आलं, त्यांनी नेहमीसारखं अर्धं खाल्लं आणि हात धुवायला पाणी मागितलं. तिनं काही न बोलता ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं.

"चटणी होय?" अण्णा म्हणाले. "मग आधी का नाही वाढली?"

आई तिथंच स्टुलावर बसली, पदर तोंडाला लावून. मला हसावं की रडावं कळेना.

त्यांचे डोळे ठणठणीत होते. मेंदूच्या उजव्या अर्ध्याला मार बसला की डावं अंग जातं हे आपल्याला माहीत असतं, पण कधीकधी त्याच्यासोबत डावीकडचं सगळंच जातं, म्हणजे तिकडं लक्षच जात नाही. फाईलमध्ये त्याला निग्लेक्ट म्हटलं होतं. मराठीत दुर्लक्ष म्हणावं तर पंचाईत, कारण दुर्लक्ष करणारा माणूस बघून न बघितल्यासारखं करतो, त्यात थोडा माज असतो थोडा राग असतो. अण्णांचं तसं काही नव्हतं. त्यांच्या लेखी डावीकडं काही नव्हतंच, अंधारसुद्धा नव्हता. आपल्या पाठीमागं काय आहे ते आपल्याला काळं दिसतं का? नाही, दिसतच नाही आणि दिसत नाही म्हणून आपलं काही अडतही नाही. तसंच काहीतरी असावं.

मग एकेक गोष्टींचा उलगडा व्हायला लागला. दाढी करताना डावा गाल तसाच सोडायचे आणि आरशात बघून समाधानानं ब्रश धुवायचे. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा, शिवी चौकटीला. माझे मामा भेटायला आले होते, नेमके डाव्या बाजूच्या खुर्चीत बसले, अर्धा तास बोलत होते आणि अण्णा समोरच्या टीव्हीकडं बघत हुं हुं करत होते, मामा चहा न घेता उठले आणि गावभर सांगितलं की दाजींना आता आमची ओळख नको झालीय. त्यांना नंतर फोन करून समजावताना माझी पुरेवाट झाली. विश्वास बसला नाही तो नाहीच.

रात्री मी मोबाईलवर वाचत बसायचे. त्यात १९७८ सालचा एक प्रयोग सापडला. इटलीत मिलानला बिसियाक आणि लुझ्झात्ती या दोघांनी असाच त्रास असलेल्या दोन पेशंटना विचारलं, डोळ्यांपुढं आपला मोठा चौक आणा, ते तिथलं प्रसिद्ध कॅथेड्रल आहे ना त्याच्यासमोरचा चौक, आणि समजा तुम्ही कॅथेड्रलकडं तोंड करून उभे आहात तर काय काय दिसतं सांगा. पेशंटनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा, म्हणजे तोंड उलट दिशेला. तर त्यांनी आता उजवीकडं आलेल्या इमारती सांगितल्या, म्हणजे मघाशी गाळलेल्या सगळ्या, आणि मघाशी सांगितलेल्या आता गायब. म्हणजे आठवणीत सगळं होतं, फक्त आठवणीतसुद्धा डावीकडं बघता येत नव्हतं.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी अण्णांना म्हटलं, गावातल्या शाळेपाशी उभे आहात, तोंड मारुतीच्या देवळाकडं, आळीत कुणाकुणाची घरं आहेत सांगा. पिठाची गिरणी, तलाठ्याचं घर, आडाचा कट्टा, धाकट्या काकांचं घर. घडाघडा सांगितली, सगळी उजव्या हाताची. मी म्हटलं, आता देवळातनं शाळेकडं या. तर कुंभाराचं घर, पोस्ट, सोसायटीचं गोडाऊन आणि आमचं स्वतःचं घर. आमचं घर! पहिल्या खेपेला माणूस आपल्या राहत्या घरावरून चालत गेला आणि त्याला ते दिसलं नाही. माझ्या अंगावर काटा आला. अण्णा म्हणाले, "एवढं काय विचारायचं त्यात, तुला माहीत नाही का आपलं घर कुठंय?"

व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर यंत्र चढवून खोट्या जगात फिरवून आणायचा, विषय फिजिओनंच काढला. ती आठवड्यातनं तीन दिवस जिथं काम करायची त्या सेंटरला नवीन हेडसेट आला होता, एकदा आणा म्हणाली काकांना. आईला तो सगळा प्रकार जत्रेतल्या बायोस्कोपसारखा वाटला आणि पैसे साध्या फिजिओपेक्षा जास्त, मेडिक्लेम ओपीडीला चालत नाही, म्हणजे खिशातनंच. माझं मन पण धजत नव्हतं, कारण आजारपणात माणूस कशावरही विश्वास ठेवतो आणि त्यावर दुकान चालवणारे कमी नाहीत. आमच्याकडं त्याआधीच कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगणारे दोन जण येऊन गेले होते. ही मुलगी मात्र सरळ म्हणाली, "ताई, यानं चमत्कार होणार नाही. काकांना व्यायामाचा कंटाळा येतो, त्याचं काहीतरी होईल."

आता अण्णांबद्दल सांगायला पाहिजे. ३१ वर्षं एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात गेली, बॉडी सेक्शनला. चेसिसवर सांगाडा उभा करायचा, पत्रे मारायचे, रिव्हेट ठोकायचे. अशा माणसाला तुम्ही सांगताय की हा पिवळा बॉल पंधरा वेळा दाबा. तीनदा दाबून ते बॉलकडं असं बघायचे की त्या बॉलची कीव यावी. "ह्यानं काय तयार होणार आहे?" हा त्यांचा प्रश्न, आणि खरं सांगू का, मला तो प्रश्न पटायचा. ज्या हातानं जन्मभर कायतरी तयार केलं त्याला नुसतंच हलायला सांगायचं म्हणजे अपमानच की.

सेंटरवर गेल्यावर हेडसेट डोक्याला लावायच्या आधी त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा बघितला. अर्ध्या किलोच्या आसपास वजन. पट्टा कुठं अडकतो, बटण कुठलं, स्क्रू कुठंय. "गरम होतंय हे. आत पंखा आहे का?" आहे म्हणाली फिजिओ. "मग जाळी कोण साफ करतं?" त्या पोरीच्या तोंडावरचा भाव बघण्यासारखा होता, दोन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नसणार. मी वाचलेलं त्यांना सांगितलं की १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड नावाच्या माणसानं असं पहिलं यंत्र केलं तेव्हा ते इतकं जड होतं की छताला टांगून ठेवायचे. त्यावर मान हलवली, म्हणजे हां, आता कसं कामाचं बोललीस.

आत सफरचंदाची बाग होती. बाहेर फिजिओच्या हातातल्या टॅबवर आम्हाला तेच दिसत होतं जे अण्णांना दिसतंय. एका ओळीत झाडं, पुढं टोपली, हात लावला की फळ तुटतं आणि टोपलीत पडतं. अण्णांनी सफरचंदाचं झाड जन्मात बघितलेलं नाही. "एवढ्या खाली लागतात होय?" म्हणाले आणि उजव्या हातानं तोडायला लागले. उजवीकडची फळं भराभर संपली. मग हात थांबला. "संपली." टॅबवर डावीकडं अख्खी दोन झाडं लगडलेली.

इथं त्या खेळाची खरी गंमत आहे आणि ती मला हळूहळू कळली. घरी आम्ही अण्णांना दिवसातनं शंभर वेळा म्हणायचो डावीकडं बघा, डावीकडं बघा. बघायचे, आणि लगेच मान उजवीकडं. कारण उजवीकडं टीव्ही, उजवीकडं दार, उजवीकडं मोबाईल, आणि अशा पेशंटचं लक्ष उजवीकडच्या वस्तूला लोहचुंबकासारखं चिकटतं. खऱ्या खोलीतली उजवी बाजू तुम्ही रिकामी कशी करणार, भिंत काढून ठेवणार का? हेडसेटमध्ये करता येते. तोडलेलं फळ नाहीसं होतं, उजवीकडचं झाड बोडकं होतं, मग नजरेला तिथं रेंगाळायला काही उरत नाही. नुसत्या कागदावर रेघांवर फुल्या मारायला लावण्यापेक्षा रेघा खोडायला लावल्या तर हे पेशंट डावीकडं जास्त सरकतात हे फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आलं होतं. तेच तत्त्व. त्यात फिजिओनं टॅबवर काहीतरी केलं आणि डाव्या कानात पाखराचा आवाज आला. अण्णांची मान हलली. इतकुशी. मग अजून थोडी. टॅबवर चित्र सरकलं आणि फांदीवर बसलेलं पाखरू दिसायला लागलं आणि त्याच्या खाली लाल लाल फळं.

"आयला," अण्णा म्हणाले, "इकडं पण हाय की."

मी त्या मुलीकडं बघितलं. ती टॅबवर आकडे भरत होती, पण हसत होती.

मग डाव्या हाताची पाळी आली. कंट्रोलर वेल्क्रोच्या पट्ट्यानं हाताला बांधायचा कारण बोटांनी धरता येत नव्हता, कोपराखाली ती स्वतःचा हात धरायची, आणि खांद्यातून जेवढं जमेल तेवढं. खरा हात वीतभर हलला की आतला हात दोन वीत हलायचा, अशी सेटिंग करता येते म्हणे. ही फसवणूकच झाली, पण मेंदूला हुरूप यायला असली फसवणूक लागते. आणि तिचा इतिहास या यंत्राच्या आधीचा आहे. तामिळनाडूत जन्मलेले, पुढं सॅन डिएगोत काम करणारे डॉक्टर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात एका साध्या आरशानं, हात तुटलेल्या माणसांना गेलेला हात जागेवर दाखवला होता आणि काहींचं त्या नसलेल्या हातातलं दुखणं कमी झालं होतं. १९९९ मध्ये पॅरालिसिसच्या ९ पेशंटवर आरशाचा प्रयोग झाला, चांगला हात आरशात बघायचा आणि मेंदूला वाटू द्यायचं की लुळा हातच हलतोय. आम्हीपण घरी कपाटाचा जुना आरसा काढून करून बघितलं. अण्णा म्हणाले आरसा तिरका बसलाय, आधी तो नीट करा.

आकड्यांचं म्हणाल तर एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. २००९ मध्ये अमेरिकेत कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजिओच्या सेशनमध्ये नुसतं बसून मोजलं, पेशंट कामाच्या हालचाली नक्की किती वेळा करतो. हाताच्या बाबतीत सरासरी ३२. आणि प्रयोगशाळेत माकडांच्या मेंदूत बदल दिसला तेव्हा ती माकडं दिवसाला शेकड्यानं हालचाली करत होती. ३२ कुठं आणि शेकडो कुठं! आणि यात फिजिओचा दोष नाही, एका माणसाला तुम्ही एकच हात एकाच पद्धतीनं किती वेळा उचलायला लावणार, दोघांनाही वेड लागेल. त्या बागेत अण्णांनी चौथ्या-पाचव्या दिवशी अर्ध्या तासात दीडशेच्या वर फळं तोडली. त्यांनी मोजली नव्हती, यंत्रानं मोजली. अण्णांना विचारलं किती झाली असतील तर म्हणाले, "चाळीसेक." म्हणजे शंभर-सव्वाशे हालचाली फुकटात झाल्या, मनाच्या हिशोबात न येता.

याच यंत्राचा दुसरा वापर वाचला तेव्हा मात्र मी जरा चक्रावले. सिएटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या पेशंटसाठी एक बर्फाचं जग तयार करून घेतलं, स्नोवर्ल्ड नावाचं. जखमेचं ड्रेसिंग बदलताना पेशंट त्या बर्फाच्या दरीतून जातो, बर्फाचे गोळे फेकतो, पेंग्विन आणि स्नोमॅन असतात, आणि त्याच्या दुखण्याची धार कमी होते कारण लक्ष दुसरीकडं गुंतलेलं असतं. ज्यांनी घरात भाजलेलं माणूस बघितलंय त्यांना ड्रेसिंग म्हणजे काय ते माहीत आहे. माझ्या चुलत बहिणीचं मी लहानपणी ऐकलंय, बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत आवाज यायचा. तर तिकडं लक्ष जखमेवरून काढायचं आणि आमच्याकडं नेमकं उलटं, जे अंग विसरलंय तिकडं लक्ष न्यायचं. लक्ष ही काय चीज आहे याचा मी चाळीस वर्षांत एवढा विचार केला नव्हता. शाळेत नुसतं 'लक्ष दे, लक्ष दे' म्हणून छड्या खाल्ल्या.

सगळं गोडगोड चाललं असं नाही. सहाव्या की सातव्या दिवशी फिजिओनं बाग बदलून नदीतली होडी लावली, तर अण्णा दोन मिनिटांत घामाघूम. डोळे म्हणतायत आपण चाललोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतोय आपण खुर्चीत बसलोय, मग पोट ढवळतं. एसटीच्या माणसाला गाडी लागली! हे त्यांना इतकं लागलं की पुढचे दोन दिवस ते यायलाच तयार नव्हते. मग परत सफरचंदं.

आणि संशय म्हणाल तर तो माझ्याच वाचनातनं आला. २०१६ मध्ये एक मोठी ट्रायल छापून आली, १४१ पेशंट, कॅनडा आणि आणखी काही देशांतले. अर्ध्यांना टीव्हीसमोर हात हलवून खेळायचा निन्टेंडोचा गेम, म्हणजे डोक्याला लावायचं यंत्र नाही तर साधा स्क्रीन, आणि उरलेल्यांना पत्ते, बिंगो, जेंगा, बॉल असले घरगुती खेळ. दोन्ही गटांचे हात सारखेच सुधारले. पुढच्याच वर्षी ७२ ट्रायल्सचा, २४७० पेशंटचा एकत्र आढावा निघाला, त्यातही तेच, की नेहमीच्या थेरपीऐवजी व्हीआर दिलं तर हाताला जास्तीचा फायदा दिसत नाही, थेरपीच्या जोडीला दिलं आणि एकूण वेळ वाढला तर मात्र उपयोग होऊ शकतो. मी हे जेवताना वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पत्ते? मग एवढे पैसे कशाला घालवतोय आपण?"

तिनं त्याच संध्याकाळी कपाटावरचा कॅट काढला.

आणि आम्ही बदाम सत्ती खेळायला बसलो. आता बघा हं, बदाम सत्तीत मधोमध सत्ते लागतात, एका बाजूला छक्की पंजी चौकी उतरत एक्क्यापर्यंत आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठी नव्वी चढत राजापर्यंत. म्हणजे अर्धा डाव डावीकडंच. अण्णांच्या हातात चौकी असायची, पंजी लागलेली असायची, आणि ते म्हणायचे "पास". आई ओरडायची अहो इकडं बघा की, आणि मग मान वळवून बघायचे, आणि चिडून चौकी आपटायचे. कुणाही कंपनीनं एवढा चांगला गेम बनवला नसता. फिजिओला सांगितलं तर ती चक्क वहीत लिहून घेऊन गेली, दुसऱ्या पेशंटना सांगते म्हणाली.

मग हेडसेट फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. पत्ते खेळायला मुळात माणसाला खेळावंसं वाटायला लागतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये अण्णांना काहीच करावंसं वाटत नव्हतं, भिंतीकडं तोंड करून पडायचे, तीही उजवीकडची भिंत. त्या बागेत त्यांना कुणी पेशंट म्हणत नव्हतं. पोरंसोरं बघत नव्हती. हात चुकला तर फळ तिथंच राहायचं, कुणी "हळू हळू" म्हणायचं नाही, आणि हे "हळू हळू" आम्ही घरात किती वेळा म्हणतो ते मला तेव्हा ऐकू आलं. अर्थात पहिल्या तीनेक महिन्यांत मेंदू आपलाआपण पण बराच सावरतो, त्यामुळं कशानं किती झालं याचा हिशोब मांडता येणार नाही. मांडायचा तर आईच्या नवसालाही वाटा द्यावा लागेल.

आईचं आणि फिजिओचं मात्र ताटावरून वाजलं. फिजिओनं बजावलं होतं की ताट फिरवायचं नाही, चटणी डावीकडंच ठेवायची, त्यांना शोधू द्यायची. शोधतील तेव्हाच मेंदू शिकेल. आई तिच्यासमोर हो म्हणायची. आणि मी नसताना गुपचूप ताट फिरवून ठेवायची, नाहीतर सरळ चटणी उजवीकडं वाढायची. तिनं आयुष्यात पहिल्यांदा रीत मोडली ती अशी. मी एकदा पकडलं तर म्हणाली, "तुमच्या अभ्यासासाठी त्यांनी अर्धपोटी उठायचं का?" यावर काय बोलणार. मला दोघींचं पटत होतं. शेवटी फिजिओनंच तोड काढली, ताटाच्या डाव्या काठावर लाल इन्सुलेशन टेपची जाड पट्टी चिकटवली आणि अण्णांना सांगितलं की लाल पट्टी दिसेपर्यंत मान फिरवायची, ती दिसली की समजायचं ताट संपलं. टेप अण्णांच्याच जुन्या पेटीतली. दोन धुण्यांत सुटायची, आई परत चिकटवायची, पुटपुटत.

जूनमध्ये कधीतरी चटणी संपायला लागली. कुठल्या दिवशी ते आठवत नाही. मी दोनदा फोटो काढायचा म्हटलं आणि दोन्ही वेळा विसरले, कारण तोवर ताटाकडं बघायची सवय मोडली होती.

सेशन संपायचे होते त्या दिवशी फिजिओनं शेवटची चाचणी घेतली. मोठी बाग, झाडं डावीकडून उजवीकडं पसरलेली, ५० फळं, पाखराचा आवाज बंद, कुणी काही सांगायचं नाही. अण्णा शांतपणे तोडत होते. मधेच डावा हात उचलायचे, तो अजून खांद्याच्या वर जात नाही, मग उजव्यानं. दोन-तीनदा संपलं असं वाटून थांबले आणि मग आपण होऊन मान फिरवून परत सुरू. शेवटी म्हणाले, झालं.

"काका, ४१!" फिजिओ एकदम खूश. "पहिल्या दिवशी १८ होते, आठवतंय का?"

अण्णांनी हेडसेट काढला, कपाळावर पट्ट्याचा वळ उठलेला, तो चोळत म्हणाले, "आणि नऊ कुठं गेले?"

"काका, ४१ खूप छान आहे."

"नऊ बोल्ट कमी असले तर गाडी लाईनीवर सोडता का तुम्ही?"

ती गप्प झाली. मग तिनं टॅब त्यांच्यापुढं धरला. नऊच्या नऊ फळं एकाच झाडावर होती, अगदी डाव्या टोकाला. अण्णांनी चष्मा लावून ती एकेक बोट ठेवून मोजली, मग म्हणाले, "लाव परत ते डोक्याला."

वेळ संपली होती, बाहेर पुढचा पेशंट थांबलेला, एक पंचवीस-तिशीतला मुलगा, व्हीलचेअरवर. अण्णा उठले नाहीत.